'योरुबा' हे नाव मुळात कोणाचं?

नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागात कुणी कुणाला भेटलं की बोलणं 'ए कू'पासून सुरू होतं. सकाळी 'ए कू आरो', कामात असलेल्याला 'ए कू इशे', नुसतं बसलेल्यांनाही 'ए कू इजोको'. प्रसंगानुसार पुढचा शब्द बदलतो, 'ए कू' तेवढं कायम राहतं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या भागातले हजारो स्त्री-पुरुष सिएरा लिओनमधल्या फ्रीटाऊनला उतरले. ब्रिटिश आरमाराने गुलामांची जहाजं समुद्रात अडवून त्यांना सोडवलं होतं. त्यांचं आपसातलं 'ए कू, ए कू' ऐकून तिथल्या लोकांनी त्यांचं नावच 'आकू' ठेवलं. आज ज्यांना आपण योरुबा म्हणतो, त्या सगळ्यांना मिळून एक नाव लागण्याच्या सुरुवातीच्या वेळांपैकी ही एक. आणि ती वेळ आली ती घरापासून शेकडो कोस दूर, परक्यांच्या तोंडून.

अटलांटिकच्या पलीकडेही असंच घडलं. ब्राझीलमध्ये हे लोक 'नागो' झाले, क्युबामध्ये 'लुकुमी'. घरी असताना मात्र त्यांच्यातला कुणी एग्बा होता, कुणी इजेबू, कुणी इजेशा, एकिती, ओंडो, केटू. माणूस आपली ओळख सांगायचा ती गावाने आणि गावच्या राजाने. प्रत्येक राज्याला आपला 'ओबा', म्हणजे राजा. मण्यांच्या झालरीने चेहरा झाकणारा मुकुट घालायचा मान ज्या ओबांना होता, ते आपली वंशावळ इले-इफे या नगरीला आणि तिथल्या ओदुदुवा या आदिपुरुषाला नेऊन भिडवत. ही नातेसांगड जुनी आणि खरी होती. पण तिला 'योरुबा' हे नाव नव्हतं.

मग ते नाव कोणाचं? उत्तरेकडच्या शेजाऱ्यांनी यांतल्याच एका राज्याला, ओयोला दिलेलं. तिंबक्तूचे विद्वान अहमद बाबा यांनी 1615च्या सुमारास, कोणाला गुलाम करणं धर्मसंमत आणि कोणाला नाही, याविषयी एक निवाडा लिहिला. मुसलमान नसलेल्या लोकांच्या त्यातल्या यादीत 'योरुबा' हे नाव येतं. या नावाचा हा सर्वांत जुना ज्ञात लेखी उल्लेख मानतात. ज्या नावाभोवती पुढे एवढा अभिमान गोळा झाला, ते पहिल्यांदा कागदावर उमटलं ते कोणाला बेड्या घालता येतील याच्या यादीत. हे वाचताना मी प्रत्येक वेळी थांबतो.

उत्तरेकडच्या हौसा भाषेतही 'यारबा' म्हणजे ओयोचेच लोक. 1826 मध्ये स्कॉटिश प्रवासी ह्यू क्लॅपर्टन ओयोच्या जुन्या राजधानीत पोहोचला, तेव्हा त्यानेही याच अर्थाने 'यारिबा' असं लिहिलं. इजेबू किंवा एकिती माणसाला तेव्हा कुणी योरुबा म्हटलं असतं, तर आपल्याला ओयोवाला समजतायत असंच त्याला वाटलं असतं.

क्लॅपर्टन पोहोचला तेव्हा ओयोची पडझड सुरू झाली होती. ओयोचा सेनापती अफोंजा याने इलोरिन या ठाण्यावरून राजाविरुद्ध, म्हणजे आलाफिनविरुद्ध बंड केलं आणि त्यासाठी मुसलमान फौजेची मदत घेतली. पुढे त्याच फौजेने त्याला संपवलं. इलोरिनमध्ये फुलानी घराण्याचा अमीर बसला आणि शहर सोकोटोच्या खिलाफतीत, म्हणजे उत्तरेकडच्या मुसलमान साम्राज्यात गेलं. 1830च्या दशकात जुनी राजधानी ओस पडली. निर्वासितांचे लोंढे दक्षिणेकडे वळले. 1829च्या सुमारास लष्करी तळ म्हणून इबादान वसलं, 1830 मध्ये एग्बांनी अबेओकुटा वसवलं. पुढची साठ-एक वर्षं हा सगळा मुलूख आपसात लढत राहिला. युद्धात पकडलेले किनाऱ्यावर विकले जात. एकाच भाषेच्या वेगवेगळ्या बोली बोलणारी एवढी माणसं एकाच वेळी ब्राझीलमधल्या बाहियात, क्युबातल्या हवानात आणि फ्रीटाऊनमध्ये का सापडतात, याचं उत्तर या लढायांत आहे.

ओशोगुन गावचा अजायी हा त्यांतलाच एक. 1821 मध्ये त्याचं गाव जाळलं गेलं. हा पोरगा अनेकदा विकला गेला आणि शेवटी पोर्तुगीज जहाजावर चढवला गेला. एप्रिल 1822 मध्ये ब्रिटिश आरमाराने ते जहाज पकडलं आणि तो फ्रीटाऊनला आला. तिथे तो शिकला, ख्रिस्ती झाला, सॅम्युएल अजायी क्राउदर या नावाने पाद्री झाला आणि 1864 मध्ये अँग्लिकन चर्चचा पहिला आफ्रिकी बिशप. 1843 मध्ये त्याचा योरुबा शब्दसंग्रह छापून आला. 1846 मध्ये अबेओकुटात त्याला त्याची आई भेटली, तब्बल पंचवीस वर्षांनी.

इथे एक बारकावा आहे आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली त्यात आहे. क्राउदर ओयोच्या मुलखातला होता. त्याची मायबोली ओयोची, म्हणजे जुन्या अर्थानेही 'योरुबा'च. त्यामुळे त्याने पुस्तकाला दिलेलं नाव चूक नव्हतं. पण मिशनच्या कामासाठी तेच नाव सगळ्या बोलींवर पसरलं. याला तेव्हाच हरकत घेतली गेली होती. जर्मन मिशनरी झिगिसमुंड कोएले याने फ्रीटाऊनमधल्या सोडवलेल्या गुलामांना विचारून दोनशेच्या आसपास आफ्रिकी भाषांचे शब्द जमवले आणि 1854 मध्ये छापले. त्याने 'आकू' या मथळ्याखाली डझनभर बोली दिल्या. 'योरुबा' ही त्यांतली फक्त एक. एका जमातीचं नाव सगळ्यांना लावणं चूक आहे आणि ते ताबडतोब सोडून द्यावं, असं त्याने स्पष्ट लिहिलं. त्याचं कुणी ऐकलं नाही. त्याच्या यादीतली शेवटची बोली कोणती होती, ते लक्षात ठेवा: इत्सेकिरी. तिच्याकडे परत यायचं आहे.

नाव पसरलं याचं कारण त्याच्या पाठीशी छापलेली पुस्तकं होती. 1859 मध्ये हेन्री टाउनसेंड या मिशनऱ्याने अबेओकुटात 'इवे इरोहिन' हे योरुबा भाषेतलं पहिलं वर्तमानपत्र काढलं. 1875 मध्ये लागोसला मिशनऱ्यांची बैठक होऊन लेखनपद्धतीचे नियम ठरले. संपूर्ण बायबल 1884 मध्ये पुरं झालं. या लिखित भाषेचा पाया ओयोच्या बोलीचा, पण मिशनचं केंद्र अबेओकुटा आणि लागोस असल्यामुळे एग्बा वळणही तिच्यात मिसळलं. पूर्णपणे अशी ती कुणाच्याच घरात बोलली जात नव्हती. भाषांतरासाठी क्राउदरने बरेचसे शब्द मुसलमानांकडून आलेल्या साठ्यातून उचलले. प्रार्थनेला 'आदुरा', संदेष्ट्याला 'वोली', धर्मगुरूला 'आलुफा'. योरुबा ख्रिस्ती आजही या शब्दांनीच उपासना करतात. 'सैतान' या अर्थी त्याने वापरलेला 'एशू' हा शब्द मात्र अनेकांना आजवर खुपतो, कारण एशू हा देवांचा निरोप्या, वाटांचा आणि चौकांचा देव. त्याला सैतान करणं हा अन्याय होता, असं मलाही वाटतं.

बोलीबोलींत अंतर किती? भाषा सुरांची आहे: उच्च, मध्य, नीच असे तीन सूर. 'ओको' एवढंच लिहिलं तर ते नवरा, कुदळ, वाहन किंवा भाला, यांपैकी काहीही असू शकतं. वेगळेपण येतं ते सुराने. या पायावर पुन्हा प्रदेशाप्रदेशाचे फरक आहेत. प्रमाण भाषेत 'उ'ने शब्द सुरू होत नाही. एकितीत घराला 'इले' नव्हे, 'उले' म्हणतात, आणि इफेचे लोक आपल्या नगरीला 'उफे' म्हणतात. प्रमाण भाषेत सात स्वर, मध्यभागातल्या बोलींत नऊ. आग्नेयेकडे, ओवो गावात, 'व'च्या जागी घशातला 'ग़' येतो, आणि गावाचं नावही गावकऱ्यांच्या तोंडी 'ओग़ो' होतं. दोन टोकांची माणसं आपापल्या बोलीत भरभर बोलू लागली तर एकमेकांना पुरतं समजेलच असं नाही.

आणि पुस्तकं 'आपण एक' म्हणत असताना माणसं लढतच होती. इबादानच्या वर्चस्वाविरुद्ध एकिती, इजेशा आणि इतरांनी 'एकितिपारापो' नावाची आघाडी केली. 1877 ते 1893 असं सोळा वर्षं हे युद्ध चाललं. तोफांच्या आवाजावरून लोक त्याला 'किरिजी' म्हणतात. लागोसमध्ये स्थायिक झालेल्या, फ्रीटाऊनहून परतलेल्या एकिती-इजेशा व्यापाऱ्यांनी आघाडीला नव्या बनावटीच्या बंदुका पुरवल्या. म्हणजे परदेशातून परतलेला सुशिक्षित एकाच वेळी व्यापक योरुबापणही घडवत होता आणि आपल्या गावासाठी बंदुकाही धाडत होता. त्याला दोन्ही आपलंच वाटत होतं, आणि मला त्यात विसंगती दिसत नाही.

हे युद्ध थांबवण्यासाठी झालेल्या 1886च्या तहासाठी धावपळ करणाऱ्यांत सॅम्युएल जॉन्सन हा पाद्री होता. जन्म फ्रीटाऊनचा, कूळ ओयोचं. त्याने 1897 मध्ये योरुबांचा मोठा इतिहास लिहून पूर्ण केला. हस्तलिखित इंग्लंडला पाठवलं आणि ते गहाळ झालं. 1901 मध्ये तो वारला. भावाने, डॉ. ओबादाया जॉन्सन यांनी, टिपणांवरून ते पुन्हा उभं केलं आणि अखेर 1921 मध्ये ते छापून निघालं. त्याशिवाय या विषयात पाऊल टाकता येत नाही. पण तो इतिहास ओयोच्या राजवाड्याच्या अंगणातून दिसलेला आहे. इजेबू, ओंडो, एकिती त्यात कडेला उभे आहेत.

पुढचा टप्पा राजकारणाचा. 1945 मध्ये लंडनमध्ये ओबाफेमी आवोलोवो आणि सोबत्यांनी 'एग्बे ओमो ओदुदुवा', म्हणजे ओदुदुवाच्या लेकरांची संघटना काढली. 1948 मध्ये इले-इफेला तिची रीतसर स्थापना झाली. 1951 मध्ये तिच्यातूनच ॲक्शन ग्रुप हा पक्ष निघाला. आवोलोवो स्वतः इजेबूंपैकी, रेमो भागातले. शंभर वर्षांपूर्वी ज्यांना 'योरुबा' हे परक्याचं नाव वाटलं असतं, त्यांच्याच मुलखातला माणूस आता सगळ्या योरुबांचा नेता झाला. संघटनेने नावासाठी ओयोच्या राजाकडे न जाता इफेचा आदिपुरुष निवडला, ही मोठी समज होती. ओयोच्या नावावर सगळे जमले नसते.

आता कडेचे लोक. इत्सेकिरी नायजर नदीच्या त्रिभुजात, वारी भागात राहतात. त्यांची भाषा योरुबाला इतकी जवळची की कोएलेने ती त्याच यादीत घातली. पण ते स्वतःला योरुबा म्हणवत नाहीत. त्यांचं राजघराणं आपलं मूळ बेनिनचा (हे नायजेरियातलंच जुनं राज्य, आजचं बेनिन प्रजासत्ताक नव्हे) राजपुत्र गिनुवा याच्याशी सांगतं आणि दरबाराच्या रीतीही बेनिनकडच्या. 1952 मध्ये आवोलोवोंच्या पक्षाच्या पश्चिम प्रांतिक सरकारने त्यांच्या राजाची 'इत्सेकिरींचा ओलू' ही पदवी बदलून 'वारीचा ओलू' केली. वारीत राहणारे उर्होबो त्यामुळे खवळले. राजकीय मैत्री झाली, पण तिच्यासाठी इत्सेकिरींनी योरुबा व्हावं असं घडलं नाही.

याच्या नेमकं उलट अकोको टेकड्यांत. तिथे उकान, अकपेस, अहान अशा लहान लहान भाषा आहेत. त्या योरुबाच्या बोली नव्हेत, पण त्या बोलणारे बहुतेक स्वतःला योरुबाच मानतात. शाळा, चर्च, बाजार सगळीकडे प्रमाण योरुबा चालते आणि घरची भाषा मागे पडत जाते. योरुबाने इंग्रजीपुढे टिकावं म्हणून तळमळणाऱ्यांनी आपल्याच सावलीत सुकणाऱ्या या भाषांकडेही पाहावं, असं मला फार वाटतं.

नायजेरियाच्या डेल्टा राज्यात उग्बोडूच्या आसपास इग्बोभाषकांनी वेढलेली ओलुकुमी नावाची वस्ती आहे. त्यांची भाषा योरुबाच्या कुळातली, आणि 'ओलुकुमी' म्हणजे 'माझा मित्र'. क्युबातलं 'लुकुमी' याच शब्दातून आलं असावं, असं अनेक अभ्यासक मानतात. पश्चिमेला 1889 मध्ये इंग्रज-फ्रेंचांनी आखलेल्या सीमेमुळे केटू आणि साबे फ्रेंच बाजूला गेले. आजच्या बेनिन प्रजासत्ताकात 'नागो' हे नाव अजून वापरात आहे. इलोरिनमध्ये बाजारात योरुबा आणि गादीवर फुलानी वंशाचा अमीर, ही घडी आजही तशीच.

आणि खुद्द इफेत? ओयोच्या पडझडीतून आलेल्या निर्वासितांची मोदाकेके ही वसाहत इफेला लागूनच आहे. भाषा एक, आदिपुरुष एक, तरी जमिनीच्या हक्कावरून दोघांत 1981 मध्ये आणि पुन्हा 1997 ते 2000 या काळात रक्त सांडलं. शेजारच्या बेनिन राज्याने तर आदिपुरुषावरच हक्क सांगितला. बेनिनचे राजे ओबा एरेडियाउवा यांनी 2004 मध्ये लिहिलं की ओदुदुवा हा मुळात बेनिनमधून परागंदा झालेला राजपुत्र एकालादेरहान. इफेकरांना ते अर्थातच मान्य नाही.

योरुबा नेमके कोण आणि किती, याचं उत्तर नायजेरियाच्या जनगणनेकडून मिळत नाही. 2006च्या गणनेत वंश आणि धर्म हे रकानेच नव्हते.

नायजेरियाच्या कोगी राज्यात मात्र हा प्रश्न रोजचा आहे. 1991 मध्ये हे राज्य बनलं तेव्हा काब्बाच्या आसपासचे याग्बा, बुनू, ओवे, इजुमू, ओवोरो हे योरुबा गट त्यात आले. या सगळ्यांना मिळून 'ओकुन' म्हणतात, कारण भेटल्यावर ते 'ओकुन' म्हणून अभिवादन करतात. नायजर नदीपलीकडचे इगाला लोकही त्याच राज्यात. भाषाशास्त्रज्ञ इगाला, इत्सेकिरी आणि योरुबा यांना एकाच कुळात ठेवतात. 1991 पासून जानेवारी 2016 पर्यंत निवडून आलेला प्रत्येक राज्यपाल इगाला होता, आणि ओकुन पुढारी सांगत राहिले की आम्हाला आमच्या भाऊबंदांकडे, पश्चिमेकडच्या योरुबा राज्यांत जाऊ द्या.