रोमन साम्राज्यकालीन नाणी

ऑगस्टसपासून (इ. स. पू. २७) रोमन सम्राटांनी पाडलेली सोन्याची ऑरियस, चांदीची दिनारियस आणि पितळ-तांब्याची सेस्टर्टियस, डुपोंडियस, ॲस ही नाणी. दर्शनी बाजूस सम्राटाचा चेहरा व बिरुदे, मागे देवता, विजयचिन्हे किंवा वास्तू, अशी त्यांची ठेवण असते.

हयात पुढाऱ्याचा चेहरा नाण्यावर घेण्याचा प्रघात रोमच्या टांकसाळीत जूलियस सीझरपासून (इ. स. पू. ४४) पडला. त्याच्या वधानंतर, मारेकऱ्यांपैकी एक असलेल्या ब्रूटसने पाडलेल्या दिनारियसवर दोन खंजीर, मध्ये स्वातंत्र्याचे प्रतीक असलेली दास्यमुक्ताची टोपी आणि खाली वधाच्या तिथीची अक्षरे आहेत. मात्र दुसऱ्या बाजूस खुद्द ब्रूटसचाच चेहरा आहे. प्रजासत्ताकाच्या कैवाऱ्यालाही हा मोह आवरला नाही. पुढे ईजिप्तच्या विजयासाठी ऑगस्टसने मगर कोरवली, तर व्हेस्पेसियनच्या नाण्यांवर जिंकलेला जूडिया (ज्यूंचा प्रदेश) खजुराखाली शोक करणाऱ्या स्त्रीच्या रूपात येतो.

पितळ-तांब्याच्या नाण्यांवरील ‘एस. सी.’ (सेनेटच्या, म्हणजे रोमच्या वरिष्ठ सभेच्या, ठरावाने) या अक्षरांविषयी मोठा वाद आहे. सोने-चांदी सम्राटाची आणि हलक्या धातूंची नाणी सेनेटची, अशी विभागणी जर्मन इतिहासकार मॉमसेनने मांडली. परंतु सम्राट नीरोच्या कारकीर्दीच्या पहिल्या दशकातील सोन्या-चांदीच्या नाण्यांवरही सेनेटच्या ठरावाचा उल्लेख आढळतो, त्यामुळे ही विभागणी टिकणे अवघड दिसते. नाणकशास्त्रज्ञ क्राफ्टच्या मते ही अक्षरे सेनेटने सम्राटाला दिलेल्या ओकपर्णांच्या मुकुटासारख्या सन्मानांना उद्देशून आहेत. हा अर्थ तो मुकुट असलेल्या सेस्टर्टियसला चपखल बसतो. पण ॲसवर ऑगस्टसचा चेहरा असून मागे सन्मानचिन्ह नाही, केवळ ही अक्षरेच ठळक आहेत. सेनेटचा मान राखल्याचे दाखवणे हा ऑगस्टसच्या राजकारणाचा गाभा होता, हे लक्षात घेता अक्षरांचा हेतू कारभारापेक्षा प्रतीकात्मक असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. नाण्यांवरील चित्रे व मजकूर कोण निवडत असे, हा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही.

नीरोने सुमारे इ. स. ६४ मध्ये दिनारियसचे वजन घटवले. तिसऱ्या शतकात चांदी नाममात्र उरली.

दक्षिण भारतात ऑगस्टस व टायबेरियस यांची दिनारियस विपुल सापडतात. काहींवर सम्राटाच्या चेहऱ्यावर छिन्नीचा घाव आहे. तो धातू पारखण्यासाठी की राजमुद्रा रद्द करण्यासाठी, याविषयी मतभेद आहेत. तेर (जि. धाराशिव), कोंडापूर (तेलंगणा) अशा सातवाहनकालीन स्थळी रोमन नाण्यांच्या नकला असलेल्या मातीच्या चकत्या मिळाल्या आहेत. काहींना ओवण्यासाठी भोके असल्याने त्या गळ्यात घालत असावेत.