फुफ्फुसाची इमेज-गायडेड बायोप्सी : गुंतागुंतीचे रिस्क फॅक्टर

सीटी नाहीतर सोनोग्राफीवर बघत छातीतून सुई घालून फुफ्फुसातल्या गाठीचा नमुना काढतात, त्यात कोणाला त्रास व्हायची शक्यता जास्त, त्याची ही नोंद. सुईने फुफ्फुस टोचण्याची पद्धत सहसा जर्मन डॉक्टर लायडन यांच्या १८८३ च्या कामापर्यंत मागे नेतात, तेव्हा शोध न्यूमोनियाच्या जंतूंचा होता. सीटीचा आधार मिळाला १९७० च्या दशकात.

सगळ्यात जास्त होतो न्यूमोथोरॅक्स, म्हणजे फुफ्फुसाबाहेर हवा साठणं. ढोबळमानाने १५ ते २५ टक्के, पण ती हवा काढायला छातीत नळी टाकायची वेळ येते ५ टक्क्यांच्या आसपास. एम्फिसीमा (फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्या खराब होण्याचा आजार) असला की धोका वाढतो, विशेषतः नळीचा, कारण लवचीकपणा गेलेलं फुफ्फुस सुईचं भोक लवकर बुजवत नाही. गाठ २ सेंटिमीटरपेक्षा लहान, सुई फिशरमधून, म्हणजे फुफ्फुसाच्या दोन भागांमधल्या फटीतून जाणं, प्लुरा (फुफ्फुसावरचं पातळ आवरण) पुन्हा पुन्हा टोचणं, हेही नेहमीचेच.

खोलीवर मात्र एकमत नाही. जितकी खोल गाठ तितका धोका हे जुनं गणित, पण काही अभ्यासांत प्लुराच्या अगदी खालच्या गाठींनाही न्यूमोथोरॅक्स जास्त दिसला. कारण असं देतात की तिथे सुईचं टोक जेमतेम सेंटिमीटरभर आत असतं, पेशंटने श्वास घेतला की फुफ्फुस सरकतं, टोक निसटतं आणि प्लुरा परत टोचावा लागतो, किंवा फाटतोच. त्यामुळे खोली त्वचेपासून न मोजता सुईच्या वाटेवर हवा भरलेलं फुफ्फुस किती लागतं ते मोजणं जास्त पटतं. गाठ छातीच्या भिंतीला चिकटलेली असली तर ते शून्य, आणि मग धोकाही फारच कमी. सुईच्या जाडीवरही तसंच एकमत नाही. तुकड्यांच्या संख्येचं म्हणाल तर कोअॅक्सियल पद्धतीत, म्हणजे एका सुईच्या आतून दुसरी सुई घालतात तेव्हा, बाहेरची सुई एकदाच प्लुरा ओलांडते, मग आतून तुकडे दोन घेतले की चार याने न्यूमोथोरॅक्समध्ये फारसा फरक पडू नये.

रक्तस्रावाला लहान आणि खोल गाठ, कमी प्लेटलेट, वाढलेला आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप), रक्त पातळ करणारी औषधं कारणीभूत. पल्मनरी हायपरटेन्शन (फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला वाढलेला दाब) पूर्वी सरळ नकाराचं कारण मानायचे, आता तितकं ठामपणे कोणी म्हणत नाही.

एअर एम्बोलिझम, म्हणजे रक्तवाहिनीत हवा शिरणं, अगदी क्वचित, पण जिवावर बेतणारा. सुईचं टोक पल्मनरी व्हेनमध्ये (फुफ्फुसातून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या शिरेत), स्टायलेट (सुईच्या आतली बारीक तार) काढलेला, सुईचं तोंड उघडं आणि नेमका तेव्हाच पेशंटने खोल श्वास घेतला की हवा आत ओढली जाते, म्हणून स्टायलेट काढताना श्वास रोखायला सांगतात आणि सुईच्या तोंडावर बोट ठेवतात. यावरचं लिखाण बहुतेक एकेका केसचंच आहे.