लघु कार्बन भरपाई प्रकल्प आणि लिंगभाव

विकसनशील देशांतील खेड्यापाड्यांत सुधारित चुली, गोबर गॅस, वृक्षलागवड, लहान जलविद्युत केंद्रे अशा उपक्रमांमुळे जेवढे हरितगृह वायूंचे उत्सर्जन टळते किंवा जेवढा कार्बन झाडांत व मातीत साठतो, त्याचे मोजमाप करून दर टन कार्बन डायऑक्साइडमागे एक याप्रमाणे कार्बन क्रेडिट दिले जाते, आणि ते मुख्यतः श्रीमंत देशांतील सरकारे व कंपन्या आपल्या उत्सर्जनाच्या भरपाईसाठी विकत घेतात. या प्रकल्पांत रोजचे काम कोण करते, करारावर सही कोणाची असते, पैसा कोणाच्या हाती पडतो आणि वापराची माहिती कोणाला विचारली जाते, हे स्त्री-पुरुषांमधील सामाजिक फरक ध्यानात घेऊन तपासणे म्हणजे या क्षेत्रातील लिंगभावाचा विचार होय. प्रकल्प-अहवालाच्या शेवटी जोडायचा एक परिच्छेद, एवढेच स्थान त्याला बराच काळ मिळाले. प्रत्यक्षात क्रेडिटाची मोजणी खरी आहे की खोटी, हेही पुष्कळदा याच प्रश्नांवर अवलंबून असते.

हवामानबदलाविषयीच्या १९९७ च्या क्योटो कराराच्या बाराव्या कलमाने अशा क्रेडिटांसाठी स्वच्छ विकास यंत्रणा निर्माण केली. उत्सर्जनकपातीला मदत करणे आणि प्रकल्प जिथे होतो त्या यजमान देशाच्या शाश्वत विकासाला हातभार लावणे अशी तिची दुहेरी उद्दिष्टे होती. मात्र त्या कलमात स्त्रियांचा उल्लेख नव्हता आणि शाश्वत विकास कशाला म्हणायचे हे ठरवण्याचे काम प्रत्येक देशाच्या प्राधिकरणावर सोपवलेले होते. २००१ मध्ये मोरोक्कोतील माराकेश येथील हवामान परिषदेत लघु प्रकल्पांसाठी सुलभ नियम मान्य झाले. पुढे अक्षय ऊर्जेसाठी १५ मेगावॅट, ऊर्जाबचतीसाठी वर्षाला ६० गिगावॅट-तास आणि अन्य प्रकारांसाठी वर्षाला ६० हजार टन उत्सर्जनकपात अशा ‘लघु’ ठरण्याच्या कमाल मर्यादा ठरल्या; वनीकरणाची मर्यादा वर्षाला ८ हजारांवरून १६ हजार टनांवर नेण्यात आली. तरीही पहिल्या काही वर्षांतील क्रेडिटांचा मोठा वाटा चीन आणि भारतातील मोजक्या रासायनिक कारखान्यांकडे गेला. जंगलातून आणलेल्या सरपणाची बचत करणाऱ्या चुलींसाठी मान्य मोजणीपद्धत २००८ मध्ये आली. स्त्रियांच्या रोजच्या श्रमाशी सर्वांत जवळचे नाते असलेला प्रकल्पप्रकार अशा रीतीने बराच उशिरा या व्यवस्थेत शिरला.

चुलीचे क्रेडिट काढण्याचा हिशेब वरकरणी सोपा आहे. जुन्या चुलीला किती सरपण लागत होते, नव्या चुलीला किती लागते, त्या सरपणापैकी किती भाग पुन्हा न उगवणाऱ्या लाकडाचा आहे आणि किती घरांत नवी चूल खरोखर पेटते, या आकड्यांवरून टाळलेले उत्सर्जन काढले जाते. यातील शेवटचा आकडा स्वयंपाक करणाऱ्या बाईखेरीज कोणालाच नीट ठाऊक नसतो. पूर्व आफ्रिकेत उगाली हा मक्याच्या पिठाचा घट्ट पदार्थ जोर लावून ढवळावा लागतो. भांडे हलणारी हलकी चूल त्याला चालत नाही, म्हणून तीन दगडांची जुनी चूल शेजारी तशीच राहते. थंडीत ऊब हवी असते, आंघोळीचे पाणी तापवायचे असते, सणावाराला मोठे भांडे चढवायचे असते, आणि प्रत्येक वेळी जुनी चूलही पेटते. सर्वेक्षणाला आलेल्या माणसाने ओसरीवर बसलेल्या कुटुंबप्रमुखाला विचारले, तर ‘नवी चूल वापरतो’ असे उत्तर मिळते आणि ते प्रामाणिकही असते. पण त्याने सरपणाची मोळी उचललेली नसते. चुलींच्या क्रेडिटांची तपासणी करणारा एक अभ्यास २०२४ मध्ये ‘नेचर सस्टेनेबिलिटी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अभ्यासलेल्या प्रकल्पांनी प्रत्यक्ष बचतीच्या सुमारे नऊपट क्रेडिट घेतल्याचा निष्कर्ष त्यात आहे, आणि फुगवट्याच्या कारणांत नव्या चुलीच्या वापराचे व जुन्या चुलीच्या चालू राहिलेल्या वापराचे चुकीचे अंदाज येतात. स्वयंपाकघरात जाऊन, स्त्रीला एकटीला, तिच्या भाषेत विचारणे ही सौजन्याची बाब म्हणून सुचवली जाते. ती मोजमापाची पहिली अट असायला हवी.

गोबर गॅसचे प्रकल्प या दृष्टीने अधिक सरस ठरले आहेत, कारण संयंत्र बांधल्यावर ज्योत पेटते की नाही हे लपत नाही. नेपाळमध्ये १९९२ पासून चाललेल्या बायोगॅस कार्यक्रमातील दोन प्रकल्पांची २००५ च्या अखेरीस स्वच्छ विकास यंत्रणेत नोंदणी झाली. त्याच सुमारास कर्नाटकातील बागेपल्ली भागात छोटे शेतकरी व शेतमजूर यांच्या कूली संघाने घरगुती वापराच्या दोन घनमीटरच्या ५,५०० संयंत्रांचा प्रकल्प नोंदवला. धूर गेला, सरपणासाठीची पायपीट कमी झाली, भांडी काळी होणे थांबले, हे लाभ खरे आणि मोठे आहेत. परंतु संयंत्राला रोज शेण गोळा करून, पाणी आणून, दोन्ही कालवून ओतावे लागते. पाणी दूर असेल तर सरपणाचे वाचलेले तास हंड्यापायी जातात, आणि हेही काम बहुतेक घरांत तिच्याच वाट्याला येते. ज्या विधवेकडे किंवा भूमिहीन कुटुंबाकडे जनावरे नाहीत, त्यांना तर या योजनेत प्रवेशच नसतो. वाचलेल्या वेळाचा आकडा देताना वाढलेल्या कामाचा आकडा वजा न करणारे अहवाल म्हणूनच अपुरे मानावे लागतात.

वृक्षलागवडीत प्रश्न हक्काचा होतो. झाडातील कार्बनवरचा हक्क सहसा जमिनीच्या हक्कामागून जातो, आणि जगभरातील शेतजमीनधारकांत स्त्रियांचे प्रमाण १५ टक्क्यांहून कमी असल्याचा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा अंदाज आहे. पश्चिम केनियातील लुह्या आणि लुओ समाजांत झाड लावणे हा जमिनीवर दावा सांगण्याचा प्रकार समजला जात असे, त्यामुळे स्त्रीने झाड लावण्यावर परंपरेने बंधने होती. अशा प्रदेशात ‘ज्याचे झाड त्याचे पैसे’ हा नियम निष्पक्ष दिसतो. पण रोपाला पाणी घालणारी, शेळ्यांपासून ते राखणारी बाई त्यातून आपोआप वगळली जाते. केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेने जमिनीविषयक लिंगभेद अमान्य केला, तरी रूढीने चालणाऱ्या वारसाहक्कात तो बदल सावकाश उतरतो आहे. सातबाऱ्यावर नाव नसण्याचा अर्थ महाराष्ट्रातील शेतकरी स्त्रीला वेगळा सांगावा लागत नाही. पतीने पत्नीच्या नावे जमीन करून द्यावी यासाठी शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास चालवलेली ‘लक्ष्मी मुक्ती’ मोहीम याच दुखण्यावर बोट ठेवणारी होती, आणि बांधावरच्या झाडांचे कार्बन करार होतानाही पैसे देताना आधी तोच उतारा पाहिला जाईल.

मालकीचा तिढा सुटेपर्यंत काही प्रकल्पांनी कामाला मोबदला जोडण्याची वाट धरली. केनियातील पर्यावरण कार्यकर्त्या वांगारी माथाई यांनी १९७७ मध्ये तेथे सुरू केलेल्या ग्रीन बेल्ट चळवळीत स्त्रियांचे गट रोपवाटिका चालवतात आणि जगलेल्या रोपांमागे त्यांना पैसे मिळतात. या चळवळीने अ‍ॅबरडेअर व माउंट केनिया परिसरातील वनीकरणासाठी जागतिक बँकेच्या बायोकार्बन निधीशी करार केला. तेथील जमीन सरकारी वनाची असल्यामुळे खाजगी मालकीचा अडसर आला नाही, मात्र जमिनीवरचा हक्कही स्त्रियांना मिळाला नाही. टांझानियात १९९९ मध्ये सुरू होऊन केनिया, युगांडा व भारतात पसरलेल्या ‘टिस्ट’ या कार्यक्रमात शेतकऱ्यांचे लहान गट असतात आणि गटाचे नेतृत्व पाळीपाळीने बदलते, त्यामुळे बैठकीत कधीच न बोललेल्या स्त्रीवरही ती चालवण्याची वेळ येते.

लघु प्रकल्पांची खरी अडचण खर्चाची आहे. नोंदणी, तपासणी आणि पडताळणी यांचा खर्च क्रेडिटांची संख्या कमी म्हणून फारसा घटत नाही, आणि काटकसर करायची वेळ आली की स्त्रियांच्या स्वतंत्र बैठका, महिला सर्वेक्षक आणि दिवसाच्या त्यांच्या सवडीच्या वेळी दिलेल्या भेटी आधी छाटल्या जातात. अनेक लहान उपक्रम एका छत्राखाली नोंदवण्याची सोय झाल्याने खर्च विभागला गेला. निर्णय मात्र गावापासून आणखी दूर गेला. सवलतीत चूल देताना तिच्या क्रेडिटावरचा हक्क प्रकल्पाकडे सोपवल्याच्या कागदावर सही घेतात. त्या क्रेडिटाची किंमत काय आणि पुढे ते कोण विकणार, हे सही करणारीला समजावून सांगितले गेले की नाही, याची पडताळणी क्वचितच होते.

कार्बन प्रकल्पांना प्रमाणित करणाऱ्या, २००३ मध्ये स्थापन झालेल्या गोल्ड स्टँडर्ड या संस्थेने स्थानिक लोकांशी सल्लामसलत सक्तीची केली आणि २०१७ मध्ये आपल्या नव्या मानकात लिंगभावविषयक आवश्यकता घातल्या. ‘डब्ल्यू प्लस’ हे मानक वेळ, उत्पन्न व मालमत्ता, आरोग्य, नेतृत्व, शिक्षण व ज्ञान आणि अन्नसुरक्षा या सहा क्षेत्रांत स्त्रियांच्या स्थितीत झालेला बदल स्वतंत्रपणे मोजते. नेपाळमधील बायोगॅस कार्यक्रमात त्याचा आरंभीचा वापर झाला, आणि विक्रीच्या रकमेतील ठराविक वाटा थेट स्त्रियांकडे जावा ही त्याची अट आहे. पॅरिस कराराच्या कलम ६.४ खालील नव्या यंत्रणेसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये शाश्वत विकासाचे जे मूल्यमापन-साधन मान्य झाले, ते स्वच्छ विकास यंत्रणेतील साधनासारखे ऐच्छिक नसून बंधनकारक आहे, आणि त्यात स्त्री-पुरुष समानतेचा समावेश आहे. प्रकल्पधारकाला आता संभाव्य हानी आधी ओळखून ती टाळण्याची योजना नोंदवावी लागते व तिची बाहेरच्या तपासनिसाकडून पडताळणी करून घ्यावी लागते.