अंगाला लोकर, वर फ्लीस

डिसेंबरात भल्या पहाटे पन्हाळा चढणाऱ्यांची एक गंमत दरवेळी होते. पायथ्याला सगळे कुडकुडत असतात, म्हणून असतील तेवढे कपडे अंगावर चढवतात. अर्ध्या वाटेत जाड स्वेटरच्या आत घामाच्या धारा लागतात. वर तटबंदीवर वारं लागलं की दहा मिनिटांत दातावर दात वाजायला लागतात. कपडे तेच, फक्त आतला सुती बनियन आता ओलाचिंब झालेला असतो.

कपडा ऊब तयार करत नाही, अंगाची ऊब अडवतो. तेही काम खरं तर धाग्यांमध्ये अडकलेली हवा करते. स्थिर हवेपेक्षा पाण्यातून उष्णता वीसपटीहून जास्त वेगाने निघून जाते. हवेच्या जागी घाम शिरला की कापडाची जाडी फारशी उपयोगी पडत नाही. सूत तर पाणी पिऊन अंगालाच चिकटतं. त्यामुळे ‘लोकर घेऊ की फ्लीस (म्हणजे पॉलिएस्टरचं मऊ, लवदार कापड)?’ असं कुणी विचारलं की मी आधी घामाबद्दल बोलतो.

लोकरीच्या केसाला बाहेरून माशासारखे खवले असतात आणि ते पाण्याचा थेंब दूर ठेवतात. आतला केराटिन या प्रथिनाचा गाभा मात्र वाफ ओढून घेतो. स्वतःच्या वजनाच्या साधारण 30 टक्के ओलावा पोटात मुरवूनही लोकर हाताला ओली लागत नाही. शिवाय वाफ मुरताना थोडी उष्णताही बाहेर पडते. केस मुळातच कुरळा असल्यामुळे ओला झाला तरी तो पार चपटा होत नाही, आणि आतली हवा टिकते.

आपल्या धनगरांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत खांद्याखांद्यावर घोंगडं दिसतं. दख्खनी मेंढीची भरड लोकर आणि तिला चिंचोक्याची खळ. गगनबावड्याच्या पावसात एका मेंढपाळाने डोक्यावरून घेतलेल्या घोंगड्याच्या खोळीवरून मी हात फिरवला होता. वरच्या केसांवर थेंब मोत्यांसारखे उभे होते, आणि आत हात घातला तर कोरडं आणि ऊबदार!

पण घोंगडं उघड्या अंगाला टोचतं. साधारण 30 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड केसाचं टोक वाकत नाही, कातडीत रुततं. मेरिनो मेंढीचा केस 20 मायक्रॉनच्या आसपास असतो. तो वाकतो, म्हणून मेरिनोचा बनियन थेट अंगात घालता येतो.

फ्लीसचा जन्म अमेरिकेतल्या माल्डन मिल्स या गिरणीतला, 1979 च्या सुमाराचा. इचलकरंजीच्या शेजारी राहणाऱ्यांना पॉलिएस्टर काही नवं नाही. त्याचंच कापड विणायचं आणि तारांच्या ब्रशने खरवडून त्यावर लव काढायची, की झालं फ्लीस. पॉलिएस्टरचा धागा स्वतःच्या वजनाच्या एक टक्कासुद्धा ओलावा पीत नाही, त्यामुळे घाम लवेतून बाहेर सरकतो आणि लवकर उडून जातो. घरी करून बघा: फ्लीसचं जाकीट आणि लोकरी स्वेटर बादलीत बुडवा, पिळा आणि गच्चीवर सावलीत वाळत घाला. फ्लीस कधीच वाळून जाईल, स्वेटर मात्र बराच वेळ जड आणि गार लागेल.

फ्लीसची दुखणीही आहेत. वारा त्यातून सरळ आत येतो. दोन दिवसांत घामाचा वास धरतं, लोकर तेवढा धरत नाही. शेकोटीची ठिणगी पडली तर वितळून भोक पडतं. लोकर सहसा पेट घेत नाही, नुसती करपते. आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की प्रत्येक धुण्यात प्लॅस्टिकचे बारीक तंतू पाण्यात जातात. म्हणून फ्लीस उगाच धुऊ नये.

हिमालयात केदारकंठासारख्या ट्रेकला निघालात तर अंगाला पातळ मेरिनो, त्यावर फ्लीस आणि सगळ्यात वर वारा अडवणारं जाकीट असू द्या. मेरिनो महाग पडतं हे खरं. पण कोल्हापूरच्या पोरांकडे फुटबॉलची पॉलिएस्टरची जर्सी असतेच, आतून तीही चालेल. सुती बनियन आणि जीन्स मात्र घरीच ठेवा.

आणि चढायला लागताना थोडी थंडी वाजू द्या. फ्लीस पिशवीत वरच ठेवा आणि माथ्यावर पोचलात की हुडहुडी भरायच्या आत, पहिला फोटो काढायच्याही आधी, ते अंगावर चढवा.