कापडाच्या संग्रहालयात अंधार का हवा?

पारंपरिक वस्त्रांचं नवं संग्रहालय होणार म्हटलं की आधी संकल्पचित्र येतं. त्यात हटकून काचेच्या भिंती, आत पसरलेलं ऊन आणि त्यात झळकणारं रेशीम असतं. चित्र देखणं, पण कापडाचा त्यात जीव जाईल. जिथे काळजी घेतलेली असते तिथे उलट प्रेक्षक कुरकुरतात, ‘तिकीट घेतात, मग दिवे का लावत नाहीत?’

दिवे लावलेले असतात. वस्त्रांवर 50 लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड पडू द्यायचा नाही, असा संग्रहालयांचा रूढ दंडक आहे. भर दुपारच्या उन्हात सुमारे 1,00,000 लक्स असतात. प्रकाशाने होणारं नुकसान साठत जातं आणि ते मोजायला उजेड गुणिले वेळ हा हिशोब पुरतो. रोज 8 तास, वर्षाचे 300 दिवस, 50 लक्स: झाले 1,20,000 लक्स-तास. म्हणजे संग्रहालयातलं अख्खं वर्ष हे उन्हातल्या सव्वा तासाएवढं. अगदी कच्च्या रंगाचा फिकेपणा 3 लाख लक्स-तासांच्या आसपास डोळ्यांना कळू लागतो. मंद उजेडातही अडीच वर्षांत तो टप्पा येतो. रात्री दिवे मालवले म्हणून गेलेला रंग परत येत नाही.

‘एलईडी लावले, अतिनील किरण अडवणारी काच बसवली, आता काळजी नको’, हे विक्रेत्यांचं बोलणं अर्धंच खरं आहे. अतिनील किरणांनी धागा कमजोर होतो, रेशीम तर फारच लवकर, त्यामुळे ते अडवायलाच हवेत. पण रंगाचं काय? रंग दिसतो तोच मुळी त्याचा रेणू दृश्य प्रकाश शोषतो म्हणून. तो प्रकाश अडवला तर पाहणार काय?

खरी गंमत पुढे आहे. प्रकाशकण शोषला की रेणूतला इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर जातो. तो तिथे किती वेळ रेंगाळतो यावर रंगाचं आयुष्य बऱ्याच अंशी ठरतं. हळदीतल्या कुरकुमिनमध्ये दोन कडी एका सात कार्बनी साखळीने जोडलेली असतात आणि त्या साखळीतले एकाआड एक दुहेरी बंध पिवळेपणा देतात. उत्तेजित रेणू ऑक्सिजनच्या तावडीत सापडला की साखळी तुटते. उरलेल्या तुकड्यांत व्हॅनिलाला वास देणारं व्हॅनिलिनही असतं, पण पिवळा रंग संपलेला असतो. निळीचा रेणू मात्र निखारा हातावर पडताच झटकावा तशी ऊर्जा झटकून टाकतो. एक प्रोटॉन रेणूतल्या रेणूत नायट्रोजनकडून ऑक्सिजनकडे सरकतो, इलेक्ट्रॉन खाली उतरतो आणि ऊर्जेची उष्णता होते. याला सेकंदाचा अब्जावा भागही लागत नाही. विध्वंसक अभिक्रियेला सवडच मिळत नाही.

याचा पुरावा युरोपातल्या जुन्या भित्तिपटांवर, म्हणजे भिंतीवर टांगायच्या विणलेल्या चित्रांवर, दिसतो. तिथली झाडांची पानं निळी आहेत! हिरवा रंग निळीवर पिवळा चढवून केलेला होता. पिवळा उडाला, नीळ राहिली. उलट्या बाजूला, जिथे उजेड पोचला नाही, तिथे तीच पानं अजून हिरवी सापडतात.

‘नैसर्गिक रंग टिकतात, रासायनिक उडतात’ ही लाडकी समजूत इथेच निकालात निघते. हळद नैसर्गिकच आहे. विल्यम पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने 1856 साली प्रयोगशाळेत बनवलेला मॉव्ह हा जांभळा रंगही उन्हात उडतो. रेणू कुठून आला हे गौण, त्याची रचना महत्त्वाची.

कापड अंधारात आणि कोरड्या जागी किती टिकतं? इजिप्तमधल्या तारखान इथे 1913 साली मळक्या चिंध्यांचा ढीग सापडला. 1977मध्ये तो साफ करताना त्यातून बाह्यांना चुण्या घातलेला लिननचा, म्हणजे जवसाच्या धाग्याचा, अंगरखा निघाला, सुमारे 5000 वर्षांपूर्वीचा.

म्हणून नव्या संग्रहालयाचा पैसा आधी कोठारात घालावा असं माझं मत आहे. वस्त्र काही महिने मांडायचं आणि मग काही वर्षं अंधारात ठेवायचं, तर दालनापेक्षा कोठार मोठंच लागणार. घडीवर कापड विरतं, त्यामुळे मोठे पट रुंद नळीवर गुंडाळून ठेवावेत. नवं आलेलं लोकरी वस्त्र थेट आत नेऊ नये. त्यात कसरीची अंडी असतील तर कसर सगळ्या कोठारात पसरेल. हवाबंद पिशवीत घालून ते वस्त्र उणे 30 अंश सेल्सियसला तीन दिवस ठेवावं, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, नाहीतर गार कापडावर दव धरतं.