लीगची चौकशी वेगळी, सरकारची चौकशी वेगळी

जुलै 2015 मध्ये अकरा दिवसांच्या अंतरानं दोन बातम्या आल्या. 14 जुलैला न्यायमूर्ती लोढा समितीनं चेन्नई सुपर किंग्ज आणि राजस्थान रॉयल्स यांना दोन वर्षांसाठी आयपीएलबाहेर बसवलं, सट्टेबाजीबद्दल चेन्नईचे गुरुनाथ मय्यप्पन आणि राजस्थानचे सहमालक राज कुंद्रा यांच्यावर आजन्म बंदी घातली. 25 जुलैला दिल्लीच्या न्यायालयानं 2013 च्या आयपीएलमधल्या स्पॉट फिक्सिंगच्या, म्हणजे पैसे घेऊन ठरवून खेळल्याच्या, प्रकरणात राजस्थानचेच खेळाडू श्रीशांत, अंकित चव्हाण आणि अजित चंडिला यांना आरोपमुक्त केलं. आमच्याकडे वर्धा-यवतमाळच्या पट्ट्यात पानठेल्यावर तेव्हा एकच प्रश्न होता: "कोर्टानं सोडलं ना त्यायले, मंग संघावर बंदी कायले?" हा प्रश्न आजही विचारला जातो, आणि विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. बातम्या देणाऱ्यांनीच दोन्ही गोष्टी एका पोत्यात भरल्या.

न्यायालयापुढे प्रश्न होता गुन्ह्याचा. दिल्ली पोलिसांनी मकोका हा संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा लावला होता, म्हणजे संघटित टोळीशी संबंध दाखवायला हवा होता. तेवढा पुरावा न्यायालयाला दिसला नाही. मॅच फिक्सिंगला नाव घेऊन गुन्हा ठरवणारा कायदाही आपल्याकडे नव्हता. कर्नाटक प्रीमियर लीगच्या प्रकरणात तर एका संघमालकासह चौघांवरचा फसवणुकीचा खटला कर्नाटक उच्च न्यायालयानं जानेवारी 2022 मध्ये रद्द केला. फिक्सिंग फसवणुकीच्या कलमात बसत नाही, शिस्तभंगाची कारवाई क्रिकेट मंडळानं करावी, असा त्याचा अर्थ.

लीगपुढचा प्रश्न निराळा असतो. संघ घेताना मालकानं करारावर सही केलेली असते आणि त्यात नियम असतात. नियम मोडला की नाही, एवढंच लीग बघते. म्हणून कोर्टातून सुटलेल्या माणसावरही बंदी राहू शकते. श्रीशांतच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं मार्च 2019 मध्ये हेच सांगितलं: फौजदारी खटला वेगळा, शिस्तभंग वेगळा. क्रिकेट मंडळानं घातलेली आजन्म बंदी तेवढी जास्त वाटली म्हणून शिक्षेचा फेरविचार करायला लावला, आणि ती पुढे सात वर्षांवर आली.

मग लीगला आपलं घर आपणच झाडू द्यावं का? माझं उत्तर सरळ "नाही" असं आहे, आणि त्याला कारण 2013 चं आहे. मय्यप्पन हे तेव्हाचे मंडळाचे अध्यक्ष एन. श्रीनिवासन यांचे जावई. श्रीनिवासन यांची इंडिया सिमेंट्स ही तेव्हा चेन्नई संघाची मालक होती. म्हणजे ज्यानं चौकशी करायची, त्याच्याच घरातल्या माणसाची चौकशी. मंडळानं दोन निवृत्त न्यायाधीश नेमले, त्यांना काही गैर आढळलं नाही, आणि जुलै 2013 च्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयानं ती समितीच बेकायदा ठरवली. पुढे सर्वोच्च न्यायालयानं न्यायमूर्ती मुद्गल यांची समिती बसवली, तिला मय्यप्पन यांनी सट्टा लावल्याचं आणि संघातली माहिती बाहेर दिल्याचं आढळलं. माणूस तोच, संघ तोच, निष्कर्ष उलटा. लोढा समितीनं शिक्षा दिली ती आयपीएलच्याच नियमांखाली, पण समिती नेमली न्यायालयानं. आपल्या क्रिकेटला जो थोडाफार न्याय मिळाला तो या मधल्या वाटेनं मिळाला.

अमेरिकेत हीच गोष्ट जास्त उघड्यावर घडली. वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघाचे मालक डॅन स्नायडर. संघाच्या कार्यालयात महिलांचा छळ होतो, अशा तक्रारी बाहेर आल्या. एनएफएल या लीगनं चौकशी केली, जुलै 2021 मध्ये संघाला 1 कोटी डॉलर दंड केला, पण लेखी अहवाल काढलाच नाही. वकिलांनी तोंडी सांगितलं आणि विषय मिटवला. ज्या बायांनी धीर करून सगळं सांगितलं, त्यांना आपल्या बोलण्याचं काय झालं हेसुद्धा वाचायला मिळालं नाही. मला यात सगळ्यात जास्त हेच लागतं.

तिथं संसदेची देखरेख समिती पुढे आली. फेब्रुवारी 2022 मध्ये माजी कर्मचाऱ्यांना तिनं सर्वांसमोर बोलू दिलं. जूनमध्ये लीगचे आयुक्त रॉजर गुडेल यांनी साक्ष दिली, स्नायडर आले नाहीत. नंतर जुलैमध्ये त्यांनी दहा तासांवर बंद दाराआड साक्ष दिली. आठवत नाही, माहीत नाही, असं उत्तर त्यांनी शंभरावर वेळा दिल्याची नोंद समितीनं डिसेंबर 2022 च्या अहवालात केली.

एवढं करूनही समिती स्नायडर यांना एक डॉलर दंड करू शकत नव्हती. संघ काढून घेणं तर लांबच. जानेवारी 2023 मध्ये सभागृहात बहुमत बदललं आणि समितीच्या नव्या अध्यक्षांनी ती चौकशी बंद केली. सरकारी चौकशीची ही दुखरी बाजू आहे, ती राजकारणाच्या वाऱ्यावर चालते. पण फेब्रुवारीत जे सर्वांसमोर बोललं गेलं, त्यामुळेच लीगला दुसरी चौकशी नेमावी लागली. तिचा अहवाल 20 जुलै 2023 ला छापून बाहेर आला, स्नायडर यांना 6 कोटी डॉलर दंड झाला आणि त्याच दिवशी 605 कोटी डॉलरला संघ विकायला बाकीच्या मालकांनी मंजुरी दिली. शिक्षा देण्याची ताकद लीगची होती. ती वापरायला लावलं बाहेरच्यांनी.

हे सगळं इथं बसून मी लिहितो, कारण आता आपल्या तालुक्यालाही प्रीमियर लीग झाल्या आहेत. डांबरी रोडच्या कडेला फ्लेक्स लागतो, खेळाडूंची बोली होते, कृषी केंद्रवाला एका संघाचा मालक, गिट्टीखदानवाला दुसऱ्याचा. बक्षिसाची रक्कम फ्लेक्सवर एक आणि हातात दुसरीच, असं झालं की पोरं स्पर्धा भरवणाऱ्या गावच्या मंडळाच्या अध्यक्षाकडे जातात. अध्यक्ष म्हणतो, "आपण कमिटी बसवू, घरातलं घरातच निपटवू." कमिटीत कोण? मालकाचा साळा आणि अध्यक्षाचा भाचा.

कमिटीनं एखाद्या संघाला पुढच्या वर्षी खेळू न देणं, हा तिचा हक्क आहे. खेळाचे नियम तिचे. पण वर्गणीचा पैसा कुठं गेला, हा कमिटीचा घरगुती मामला नाही. मंडळ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं असेल तर ते धर्मादाय आयुक्तांच्या देखरेखीखाली येतं. हिशेबाचं ऑडिट दरवर्षी तिथं द्यावं लागतं, कमिटी बदलली की त्या बदलाची माहिती देणारा चेंज रिपोर्ट टाकावा लागतो, गैरकारभार सिद्ध झाला तर विश्वस्तांना हटवण्याचा अधिकारही त्या कार्यालयाला आहे. सरळ पैसे खाल्ले असतील तर पोलीस ठाणं आहेच. तीन दरवाजे, तिन्हीकडचं काम निराळं. एकानं हात वर केले म्हणून बाकीचे दोन बंद होत नाहीत.

यातली एक गोष्ट मला फार खटकते. ऑगस्ट 2025 मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला. मूळ विधेयकात मान्यताप्राप्त सगळ्याच क्रीडा संघटना माहिती अधिकाराखाली आणायचं होतं. मंजूर होताना ते सरकारी पैसा घेणाऱ्यांपुरतं उरलं, आणि क्रिकेट मंडळ सरकारचं अनुदान घेत नाही. म्हणजे करोडोंच्या लीगचा कागद मागायला सामान्य प्रेक्षकाला त्या कायद्यानं वाट दिली नाही, आणि आपल्या नोंदणीकृत मंडळानं धर्मादाय कार्यालयात दिलेल्या हिशेबाची नक्कल मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी अर्ज करून मागता येते. अर्जात मंडळाचा नोंदणी क्रमांक लिहावा लागतो. तो बहुतेक वेळा वर्गणीच्या पावतीवरच छापलेला असतो.