कुत्र्यांमधील त्वचेच्या लिम्फोमाचे निदान

लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींचा कर्करोग त्वचेतच सुरू झाला, की त्याला त्वचेचा लिम्फोमा म्हणतात. कुत्र्यांत तो क्वचित होतो, बहुधा उतारवयात, आणि बहुतेकदा टी-पेशी या लिम्फोसाइटच्या एका प्रकाराचा असतो. या पेशी त्वचेच्या वरच्या थरात व केसांच्या मुळांत शिरतात तो एपिथेलिओट्रॉपिक प्रकार. ‘मायकोसिस फंगॉइडिस’ हे त्याचे नेहमीचे रूप. नावात बुरशी असली तरी बुरशीशी त्याचा संबंध नाही. फ्रेंच वैद्य आलिबेर यांनी १८०६ मध्ये माणसातील असाच आजार नोंदवला, त्याच्या गाठी त्यांना अळंबीसारख्या दिसल्या.

सुरुवातीला खाज, लाली, कोंडा आणि केस गळणे एवढेच दिसते, म्हणून ॲलर्जी किंवा जंतुसंसर्ग समजून महिनोन्महिने औषधे चालतात. इथे वय फार बोलके ठरते. ॲलर्जीची खाज सहसा तरुणपणीच सुरू होते. दहा वर्षांच्या कुत्र्याला आयुष्यात पहिल्यांदाच खाज सुटली, तर ती हलक्यात घेऊ नये. नाकाच्या शेंड्याचा किंवा ओठांच्या कडांचा काळा रंग उडून गुलाबी डाग पडणे हीदेखील महत्त्वाची खूण आहे, मात्र ल्युपस या, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याच्या आजारातही तसेच दिसते. पुढे चट्टे जाड होतात, गाठी येतात, व्रण पडतात.

त्वचा खरवडून पाहिल्याने खरजेचे किडे सापडतात किंवा वगळता येतात. गाठ असेल तर सुईने काढलेल्या पेशींवरून संशय बळावतो. पक्के निदान मात्र बायॉप्सीने, म्हणजे त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासूनच होते, आणि ती कशी घेतली यावर बरेच अवलंबून असते. जागा घासूनपुसून स्वच्छ करायची नाही, केस फक्त हलकेच कापायचे, कारण पुरावा खपलीत आणि वरच्या थरातच असतो. व्रणाच्या मध्यातून तुकडा घेतला तर नेमका तो थरच हाती लागत नाही. म्हणून ६ किंवा ८ मिलिमीटरच्या पंचने (गोल पात्याच्या हत्याराने), वेगवेगळ्या टप्प्यांतल्या चट्ट्यांवरून अनेक नमुने घेतात. स्टिरॉइडमुळे चित्र पुसट होते. ते आधी चालू असेल तर पशुवैद्याने पॅथॉलॉजिस्टला तसे कळवायलाच हवे.

सूक्ष्मदर्शकाखाली वरच्या थरात लिम्फोसाइटचे पुंजके दिसतात. पेशींवरील सीडी३ या प्रथिनाच्या खुणेने टी-पेशी ओळखतात, सीडी२० ने बी-पेशी हा लिम्फोसाइटचा दुसरा प्रकार. तरीही दाह की कर्करोग हे ठरत नसेल, तर सगळ्या पेशी एकाच पेशीच्या वंशातल्या आहेत का, हे पीसीआर या डीएनए चाचणीने तपासतात; तशा असल्या तर कर्करोगाचा संशय बळावतो. निदान झाल्यावर लसीकाग्रंथी, रक्त, छाती आणि पोट तपासून आजार किती पसरला आहे ते पाहतात.